ठेवणीतली पैठणी नेसायला काढताना

बहुतेक घरांत कपाटाच्या खालच्या कप्प्यात किंवा ट्रंकेत अशी एक साडी असते. आजीच्या लग्नातली, आईला माहेरून आलेली, सासूबाईंनी सूनमुख बघताना हातात ठेवलेली. भारी आहे म्हणून ती साध्या कार्याला नेसायची नाही, आणि मोठं कार्य आलं की गर्दीत खराब होईल म्हणून नवी घ्यायची. वीस-तीस वर्षं अशीच जातात. मग एक दिवस हौसेने उलगडावी, तर घडीच्या रेषेवर सरळ चीर गेलेली. ती साडी नेसून फाटलेली नसते, ठेवून फाटलेली असते.

रेशमाचा धागा ओढ चांगली सोसतो. एकाच जागी वर्षानुवर्षं दुमडून, वरच्या दहा साड्यांच्या वजनाखाली दाबून राहणं मात्र त्याला सोसत नाही. त्यात जर, म्हणजे काठ-पदरातली चमकती तार, ही धातूची. ती लवचीक नसते, त्यामुळे जरीच्या पदरावर घडी आधी मोडते आणि शेजारचं रेशीम कापत जाते. म्हणून पैठणी, शालू, नारायणपेठ, इरकल, जे काही ठेवणीतलं असेल ते वर्षातून एकदा तरी अंगाला लागलं पाहिजे. मात्र कार्याच्या सकाळी ट्रंक उघडून हे जमत नाही. निदान सहा आठवडे आधी हात घाला. लग्नसराईत चांगला रफूगार आणि चांगला शिंपी दोघंही ऐनवेळी मिळत नाहीत.

उलगडणं आणि तपासणं

पलंगावर धुतलेली पांढरी सुती चादर अंथरा. हात धुवून पूर्ण कोरडे करा. तेल, क्रीम काही नको. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. शक्य असेल तर दोघींनी मिळून उलगडा. एकेका घडीखाली तळहात सरकवून ती आधार देत उघडायची. सवयीने साडी झटकली जाते, आणि विरलेलं रेशीम त्या एका झटक्यात जातं. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात रेशीम जास्त कडक आणि ठिसूळ वाटतं. विदर्भ-मराठवाड्यात तेव्हा तर अधिकच सांभाळा. उलगडलेली साडी लगेच ओढून ताणून बघू नका. पंख्याच्या वाऱ्यावर, ऊन येत नाही अशा खोलीत एक दिवस तशीच पसरून राहू द्या. कोंडलेला वास निम्मा इथेच जातो.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून अर्धा-अर्धा मीटर साडी उजेडासमोर धरत पुढे जा. टाचणीएवढी, अनियमित भोकं दिसली तर ती कसर. कापड एकसारखं असून मध्येच जाळीसारखं दिसलं तर ते विरलेलं आहे. पाच जागा मुद्दाम बघायच्या:

• पदराच्या घड्या, खासकरून मधली उभी घडी. जरीची तार तुटून वर आली असेल तर बोटाला टोचते.
• आतलं टोक, साधारण पहिले दीड-दोन मीटर. कमरेला खोचून आणि घामाने हा भाग आधी दमतो.
• खालचा काठ, टाचांपाशी. फॉलची जुनी शिवण कुठे ओढली गेली आहे का, तेही बघा.
• डाव्या खांद्यावर येणारी जागा. तिथे जुन्या पिनांची भोकं असतात आणि त्याभोवती गंजाचे तपकिरी ठिपके.
• इरकल असेल तर अंग आणि टोप पदर (वेगळ्या ताण्याचा, अंगाला जोडलेला पदर) यांचा जोड. तिथे दोन्हीकडचे ताणे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, म्हणून तो जोड बोटाने चाचपून पाहा.

आता ताकद. दोन्ही हातांच्या चिमटीत, दोन बोटांच्या अंतरावर, आतल्या टोकाचं कापड धरा आणि हलकेच ओढा. धागे सरकून परत जागेवर आले तर उत्तम. धाग्यांमध्ये फट राहिली तर कापड थकलेलं आहे, आधार देऊन नेसता येईल. कागदासारखं टरकन गेलं, तर ती साडी आता अंगावर नेसायची नाही, हे मान्य करावं. अशा साडीचे काठ-पदर शाबूत असतील तर ते काढून त्याच रंगाच्या नव्या रेशमी कापडावर लावून घेता येतात. हे काम पूर्वीपासून चालत आलेलं आहे आणि नीट केलं तर सुंदर दिसतं.

खराब जागांवर पेन किंवा खडूने खूण करू नका. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक सैल टाका घाला आणि कागदावर लिहून ठेवा: पदराकडून 2 मीटर 30 सेंटीमीटर, वरच्या काठाजवळ, दोन भोकं. हा कागद रफूगारालाही लागतो आणि नेसतानाही.

कापड आणि जर कोणती, हे आधी कळू द्या

धुलाई आणि इस्त्री दोन्ही यावर ठरतात. 2004 च्या आधीच्या साडीवर सिल्क मार्कची, म्हणजे शुद्ध रेशमाची हमी देणारी, खूण असणारच नाही, कारण ती योजनाच तेव्हा सुरू झाली. म्हणून आतल्या टोकाचा एक सुटा धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास, आच काढली की विझणं आणि बोटांत चुरा होणारी राख म्हणजे रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर.

खरी जर म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. नखाने अगदी हलकं घासल्यावर खालून पांढरट दिसलं तर चांदी, लालसर दिसलं तर तांबं. प्लॅस्टिकच्या जरीला एक सारखी चकाकी असते आणि ती जुनी होऊनही काळी पडत नाही. गरम इस्त्रीने मात्र ती आकसते आणि सगळा काठ चुणतो.

हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघा. प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरताच जाऊन शेजारच्यात अडकतो, त्यामुळे मोर, मुनिया (पोपट), असावली (फुलवेल) दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसतात. मागे लांब सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेले असतील तर ती यंत्रमागाची. त्यात कमीपणा काही नाही, पण मागचे धागे पैंजणात, बांगडीत अडकतात. अशा पदराला मागून पातळ नेट लावून घ्यावी.

डाग, वास आणि काळी पडलेली जर

सगळ्यात जास्त साड्या या टप्प्यावर बिघडतात, आणि त्या प्रेमापोटीच बिघडतात. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, चांदी उजळायची पावडर, यातलं काहीही जरीला लावायचं नाही. भांड्याची चांदी जाड असते. जरीवरचा मुलामा इतका पातळ असतो की घासला की गेलाच, आणि ओलं आम्ल आतल्या दोऱ्यात मुरून बसतं. खरी जर हवेतल्या गंधकाने काळवंडते. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचे कपडे शेजारी असले की लवकर काळवंडते. तो सावळा रंग जुन्या पैठणीला शोभतो. राहू द्या.

एक सावधगिरी. जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे लोक दारावर येतात. ते साडी जाळून त्यातली चांदी काढतात आणि भावही चांदीच्याच वजनावर देतात. हातमागाचा शाबूत पदर तसा देऊ नये.

वासासाठी फक्त हवा. एक दिवस पुरला नाही तर तीन दिवस सावलीत ठेवा. अत्तर किंवा सुगंधी फवारा मारून वास झाकला तर त्यातल्या अल्कोहोलने रंगावर फिकट ठिपके पडतात. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात पांढरट बुरशी धरते. ती घराबाहेर नेऊन, साडी पूर्ण कोरडी झाल्यावर, मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडायची. ओली असताना पुसली तर ती कापडात शिरते.

तुपा-तेलाचा डाग असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना साधी टाल्कम पावडर भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी झाडा; गरज पडली तर दोन-तीनदा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, कारण साबण क्षारयुक्त असतो. घाबरून आणखी घासलं की रेशमाचा पोत गेला. गंजाचे ठिपके घरी निघत नाहीत, तो नाद सोडा. आणि कपडे शुभ्र करायचं क्लोरीनचं पाणी रेशमाच्या जवळपासही नको. त्यात रेशीम चक्क विरघळतं.

पाण्यात धुवायची इच्छा होत असेल तर आधी रंग बघा. पांढरा ओला कापूस आतल्या टोकाला, काठाच्या रंगावर एक मिनिट दाबून धरा. कापसाला रंग लागला तर पाणी नाही. जुन्या लाल आणि जांभळ्या काठांचा रंग साडीच्या अंगावर उतरला की तो परत निघत नाही. रंग पक्का निघाला तरी जरीची भारी साडी घरी न धुतलेलीच बरी. ड्रायक्लीनिंगला देताना डाग कुठे आणि कशाचा, हे तोंडी न सांगता कागदावर लिहून द्या. जर खरी की प्लॅस्टिकची, तेही लिहा. फॉल आधी काढा. आणि दर वेळी नेसल्यावर ड्रायक्लीनिंग करू नका. डाग किंवा घाम लागला असेल तरच.

रफू, नेट आणि फॉल

भोक मसुरीच्या दाण्याएवढं असेल तर रफू पुरतो. चांगला रफूगार धागा बाहेरून आणत नाही, त्याच साडीच्या आतल्या टोकातून काढतो, म्हणजे रंग जुळतो. त्याला टोकाचे चार बोटं कापड वापरायची परवानगी द्या. घडीवर लांब चीर असेल तर नुसता रफू टिकत नाही, कारण शेजारचं कापडही थकलेलं असतं. रफू तसाच राहतो आणि चीर त्याच्या बाजूने पुढे जाते. तिथे चिरेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जास्त धरून, मागून त्याच रंगाचं पातळ रेशमी कापड किंवा मऊ नेट बारीक टाक्यांनी लावायची. गोंदाची किंवा इस्त्रीने चिकटणारी पट्टी नको. तिच्या कडेला कापड कडक होतं आणि नवी चीर तिथूनच सुरू होते.

फॉल हा साडीला आधार म्हणून लावतो, आणि तोच साडी खराब करतो. नवा सुती फॉल पाण्यात आटतो. न भिजवता लावला तर पुढच्या पावसात किंवा घामाच्या ओलीने आटून खालचा काठ चुणतो आणि निऱ्या वर उचलल्यासारख्या दिसतात. फॉल मिठाच्या पाण्यात तीन-चार तास भिजवा, रंग गेला तर स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मग लावा. पातळ सुतीच घ्या. हातशिलाई, कापडाचे एक-दोनच धागे उचलणारे टाके, दोरा सैल. मशीनची शिवण जुन्या रेशमाला कापत जाते. पिकोही मशीनवर नको; आतलं टोक हाताने दुमडून शिवा.

नऊवारीला फॉल लागत नाही. पुष्कळजणी आता विचारतात, आजीची नऊवारी पैठणी कापून सहावारी करू का, किंवा शिवलेली नऊवारी करून घेऊ का? आमचं मत, दोन्ही करू नये. 9 वार म्हणजे सुमारे 8.2 मीटर, सहावारीला 5.5 मीटर पुरतं. वरचं अडीच-पावणेतीन मीटर न कापताही नेसण्यात मुरवता येतं, ते कसं, हे पुढे सांगितलं आहेच. शिवलेली नऊवारी साध्या नव्या कापडाची खुशाल करावी, नाचायला आणि मिरवणुकीला सोयीची असते. पण कापलेल्या साडीचं परत लुगडं होत नाही, आणि ती एका मापापुरतीच राहते. न कापलेली साडी आजीला, आईला आणि नातीला, तिघींना बसते.

ब्लाउज आणि परकर

साडीतला ब्लाउजपीस अजून न कापलेला असेल तर तो तसाच ठेवा. तेच उद्या रफूचं कापड आहे. ब्लाउज खणाचा शिवला तर जुन्या पैठणीशी छान जातो. मात्र खणाचा पन्ना अरुंद असतो. नेहमीच्या 80 सेंटीमीटरवर विसंबू नका, शिंप्याला आधी पन्ना सांगा आणि मग कापड घ्या. आत सुती अस्तर हवंच, आणि काखेत घामाचे पॅड. घामातलं मीठ आणि डिओडरंटमधले अॅल्युमिनियमचे क्षार रेशमाला कमकुवत करतात. काखेजवळून जाणारा पदराचा भाग यामुळेच आधी जातो. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवायला सांगा, म्हणजे पुढच्या वर्षीही तोच ब्लाउज होईल.

परकर सुतीच. सॅटिनच्या परकरावरून भारी साडी घसरते आणि मग ती सावरायला पिना वाढत जातात. नाडीची रुंद पट्टी असलेला शिवून घ्या. जे पायात घालणार तेच घालून उंची मोजा. परकर जमिनीपासून एक इंच वर असावा.

इस्त्री

कार्याच्या दोन दिवस आधी. इस्त्री रेशमाच्या आकड्यावर, साडी उलटी, वर धुतलेलं पातळ मलमल. पाणी शिंपडायचं नाही, रेशमावर पाण्याचे गोल उमटतात. फार चुरगळलेली असेल तर मलमल ओलसर करून घट्ट पिळा आणि ते वर ठेवा. जरीच्या पदरावर इस्त्री सरकवू नका. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. जुन्या घडीच्या रेषेवर जोर देऊन ती सपाट करायचा मोह होतो. तिथेच सगळ्यात हलका हात ठेवा. रेषा थोडी राहिली तरी नेसल्यावर दिसत नाही. इस्त्रीवाल्याला देणार असाल तर खळ लावायची नाही आणि पाण्याचा फवारा मारायचा नाही, हे देतानाच सांगा.

नेसायचा दिवस

आदल्या दिवशी अर्धा तास नेसून बघा. चाला, दोन जिने चढा, खाली मांडी घालून बसा आणि उठा. अडचण जी येणार ती इथेच कळते.

कार्याच्या दिवशी क्रम असा: आधी केस, मग मेकअप आणि पावडर, मग अत्तर, तेही मनगटाला आणि कानामागे. त्यानंतर पंधरा मिनिटं थांबायचं, हात धुवायचे आणि मगच साडीला हात लावायचा. मेंदी आदल्या दिवशी सुकून पूर्ण झडलेली हवी.

तपासणीचा कागद समोर ठेवा. थकलेला भाग आतल्या वळशात आला पाहिजे. आतलंच टोक थकलेलं असेल तर ते कमरेला घट्ट खोचू नका. परकरावर एक रुंद सुती पट्टा बांधा आणि साडी पट्ट्यात बसवा, म्हणजे नाडीचा काच रेशमावर येत नाही.

नऊवारी गोल नेसायची असेल तर उजवीकडून सुरुवात करून आतले दोन वळसे जास्त घ्या. बहुतेक बांध्यांना एका वळशात मीटरभर कापड जातं, म्हणजे जादा कापडातलं दोन मीटर इथे मुरलं. उरलेल्याच्या दोन निऱ्या वाढवा. कंबर थोडी भरलेली दिसते, पण पडणं सुरेख येतं. काष्टा घालायचा असेल तर ताकदीची परीक्षा पूर्ण पास झालेली साडीच घ्या. काष्ट्याची ओढ दोन्ही पायांमधून थेट कमरेवर येते, आणि वाकलं की ती आणखी वाढते. विरलेली साडी पहिल्या नमस्कारालाच चिरेल. हौस काष्ट्याचीच असेल तर त्यासाठी दुसरी सुती इरकल नेसा आणि पैठणी संध्याकाळी गोल नेसा.

निऱ्या पाच ते सात, तळहाताएवढ्या रुंद. भारी रेशमाच्या बारीक दहा निऱ्या पुढे फुगतात. एकदा घातल्या की बोटांनी दाबून रेषा पाडू नका. तीच उद्याची घडी होते. पदर मोकळा डाव्या हातावर सोडला तर मोर पूर्ण दिसतात, आणि जुन्या पैठणीला तोच न्याय आहे. कामाची गडबड असेल तर चार बोटांच्या घड्या घालून खांद्यावर घ्या. पदर मागे गुडघ्यापर्यंत यावा. त्याहून लांब ठेवला की खुर्चीखाली येतो, कोणीतरी त्यावर पाय देतं आणि खांद्याच्या पिनेपाशी साडी फाटते.

पिना तीनच: खांदा, निऱ्या, कमरेची उजवी बाजू. स्टीलच्या, नव्या, टोक तपासलेल्या. जरीतून पिन घालायची नाही, तार तुटते. खांद्यावर पिन ब्लाउजच्या आतल्या बाजूने वर काढा, ब्लाउजच्या कापडाचा एक छोटा तुकडा पिन आणि साडीच्या मध्ये ठेवा आणि पदराच्या आतल्या दोनच थरांना अडकवा. सगळे थर एका पिनेत घेतले की ओढ एका भोकावर येते.

दागिने साडीनंतर. ठुशी, तन्मणी, कोल्हापुरी साज यांचे फासे आणि आकडे पदरात अडकतात का, बोट फिरवून बघा. नक्षीच्या धारदार पाटल्या डाव्या हातात नकोत, पदर त्यावरच असतो. गजरा ओला आणून लगेच माळतात. त्याचं पाणी खांद्यावर टपकतं आणि तपकिरी डाग ठेवून जातं. माळण्याआधी गजरा कोरड्या रुमालात दहा मिनिटं गुंडाळून ठेवा.

कार्यात

ओटी पदरात घ्यायची असते आणि ती पदरातच घ्यावी. पण नारळ, तांदूळ, खण, सुपारी, हळकुंड यांचं वजन एकदम जरीच्या पदराच्या मध्यावर येतं, आणि तिथेच ती जुनी उभी घडी असते. नारळ धुतलेला असेल तर ओलही असते. पदराच्या आत एक मोठा सुती रुमाल आधीच धरून ठेवा. ओटी भरणाऱ्या बाईला पदरच दिसतो, मान राहतो, आणि वजन रुमालावर, रुमाल तुमच्या दोन्ही हातांवर. नंतर रुमालाची चारही टोकं धरून ओटी तशीच उचलता येते, तांदूळही सांडत नाहीत. नवऱ्या मुलीच्या ओट्या एकामागून एक भरल्या जातात, तिच्यासाठी तर पाठराखणीजवळ असे चार रुमाल हवेतच.

अक्षतांना कुंकवाचा ओला हात लागलेला असतो. अंगावर पडल्या की बोटांनी पुसू नका. तशाच सुकू द्या, मग झटका. कोरडं कुंकू बरंचसं झडतं. हळदीच्या कार्यक्रमाला रेशीम नेसायचंच नाही, तिथे सुती साडी बरी. होमापाशी बसताना पदर मांडीखाली घ्या. रेशीम भडकन पेटत नाही, पण ठिणगीचं भोक पडतं.

पंगतीत बसताना निऱ्या गुडघ्यांपाशी किंचित वर ओढून सैल करा आणि मग बसा. उठताना साडीवर हात टेकून उठू नका. वरण किंवा आमटी सांडली तर आधी चमच्याने वरचं उचला, मग कोरड्या रुमालाने फक्त टिपा. ओला हात, सोडा, साबण, जमलेल्या प्रत्येकीचा उपाय, हे सगळं नंतर. तुपाच्या डागाला टाल्कम पावडर. पर्समध्ये दोन सुती रुमाल, पावडरची लहान डबी, दोन जादा पिना आणि साडीच्या रंगाचा दोरा ओवलेली सुई, एवढं असलं की पुरे.

परत ठेवताना

घरी आल्यावर कितीही दमलं तरी पिना उभ्यानेच, आरशासमोर काढा. बसून ओढल्या की भोक मोठं होतं. साडी लगेच घडी घालू नका. दोरीवर जाड टॉवेल टाकून त्यावर सावलीत, पंख्याखाली रात्रभर पसरवा. घाम पूर्ण सुकला पाहिजे. सकाळी उजेडात पुन्हा एकदा बघा, नवे डाग कागदावर लिहा. डाग ताजा असताना ड्रायक्लीनरकडे गेला तर निघतो, सहा महिन्यांनी तोच पक्का होतो.

घडी नव्या रेषांवर घाला. गेल्या वेळी चार पदरी असेल तर या वेळी तीन पदरी. जरीचा पदर शक्यतो दुमडूच नका. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर धुतलेलं पांढरं मलमल गुंडाळा आणि त्यावर पदराची जरीची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळत जा. नळी नसेल तर प्रत्येक घडीत मलमलची एक सैल वळकटी ठेवा, म्हणजे घडी धारदार होत नाही. खळ लावून ठेवायची नाही, खळीला कसर लागते. बाहेरून जुनं धुतलेलं पांढरं धोतर किंवा मलमल. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, रंगीत कापडाचा रंग उतरतो, तारेच्या हँगरचा गंज लागतो आणि भारी साडी हँगरवर स्वतःच्या वजनानेच खांद्यापाशी विरते. परदेशातल्या घरी मलमल मिळालं नाही तर आम्लमुक्त पांढरा टिश्यू कागद चालतो, दर वर्षी बदलावा.

वेखंडाचे तुकडे, सुकलेला कडुनिंब, चार लवंगा, यांची सुती पोटली कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, साडीला लागून नको. डांबरगोळ्या वापरत असाल तर त्याही कापडापासून दूर, पोटलीत. एक चूक घरोघरी होते: डांबरगोळी आणि कापूर एकत्र ठेवतात. दोन्ही एकमेकांना लागले की पाझरून ओले होतात, आणि ते तेलकट पाणी खालच्या साडीत उतरतं. एकच काहीतरी ठेवा. ही साडी थराच्या सगळ्यात वर राहिली पाहिजे.

वर्षातून दोनदा बाहेर काढायची: पावसाळ्याआधी मेच्या शेवटी, आणि पाऊस सरून हवा कोरडी झाल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास. दोन तास सावलीत हवा, नवी घडी, पोटली बदलायची. दिवाळीला काढलीच आहे तर पाडव्याच्या ओवाळणीला नेसावी.

आणि मलमलच्या आत एक चिठ्ठी. पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने फुटते. पिन किंवा स्टेपल न लावता कापडाच्या घडीत नुसती सरकवून ठेवा. साडी कोणाची, कोणत्या साली कुठून घेतली, शेवटची कोणत्या कार्याला नेसली, रफू कुठे आहे, फॉल कधी बदलला, पुढच्या वेळी घडी तीन पदरी की चार. खाली दोन-तीन ओळींची जागा मोकळी ठेवा, पुढची नेसेल तिला लिहायला.